स्त्रीरोग विभागातील रुग्णांच्या रक्तगुठळी जोखमीचे मूल्यमापन

स्त्रीरोग विभागातील रुग्णांच्या रक्तगुठळी जोखमीचे मूल्यमापन म्हणजे रुग्णालयात दाखल झालेल्या स्त्रीच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता किती आहे, याचा ठरावीक निकषांच्या आधारे घेतलेला अंदाज होय. रुग्णाला केवळ लवकर चालते करणे पुरेसे आहे, की पायांना दाब देणारी साधने वापरावीत, की हेपॅरिनसारखे औषध द्यावे, हे या अंदाजावरून ठरवले जाते. दाखल होताना, शस्त्रक्रियेनंतर, प्रकृतीत बदल झाल्यावर आणि घरी सोडताना असे हे मूल्यमापन पुन्हा पुन्हा करणे अपेक्षित असते. शस्त्रक्रियेसाठी कॅप्रिनी गुणांक आणि शस्त्रक्रियेविना उपचार घेणाऱ्या रुग्णांसाठी पाडुआ गुणांक ही यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी साधने आहेत. गरोदर आणि बाळंत स्त्रियांसाठी स्वतंत्र निकष असून त्यांची या निकषांशी सरमिसळ करत नाहीत.

आजाराचे स्वरूप

पाय, मांडी किंवा ओटीपोटातील खोल शिरेत रक्त गोठून गुठळी झाली, तर तिला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस म्हणतात. ही गुठळी किंवा तिचा तुकडा सुटून हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकला, तर त्या अवस्थेला पल्मनरी एम्बोलिझम असे नाव आहे. दोन्ही मिळून एकच आजार मानला जातो आणि त्याचा उल्लेख व्हीनस थ्रॉम्बोएम्बोलिझम किंवा व्हीटीई असा करतात. मोठी गुठळी अडकल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. जे रुग्ण वाचतात, त्यांतील काहींच्या पायाला कायमची सूज, त्वचेचा काळवंडलेपणा आणि न भरणारे व्रण राहतात.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो (१८२१–१९०२) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फुप्फुसात सापडणारी गुठळी बहुधा तेथे तयार झालेली नसून पायाच्या शिरेतून वाहत आलेली असते, हे दाखवून दिले. रक्तप्रवाह मंदावणे, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे आणि रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला इजा होणे या तीन कारणांच्या गटाला आज त्यांचेच नाव दिले जाते. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.

ही तिन्ही कारणे स्त्रीरोग विभागात एकाच खाटेवर एकत्र आलेली दिसतात. गर्भाशयातील मोठ्या गाठी किंवा अंडाशयाची वाढलेली गाठ ओटीपोटातील शिरांवर दाब देते आणि पायांकडून परतणारे रक्त तुंबते. शस्त्रक्रियेच्या वेळी पाय वर बांधून ठेवल्याने व भुलीमुळे पोटऱ्यांचे स्नायू सैल पडल्याने प्रवाह आणखी मंदावतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरल्याने खालच्या महाशिरेवरचा दाब वाढतो. कर्करोगाच्या पेशी, जंतुसंसर्ग आणि इस्ट्रोजेनयुक्त औषधे रक्त गोठण्यास चालना देतात. ओटीपोटातील लसीकाग्रंथी काढताना शिरांच्या भिंतींना प्रत्यक्ष धक्का लागू शकतो. डाव्या पायात गुठळी होण्याचे प्रमाण उजव्यापेक्षा जास्त असते. कारण डाव्या बाजूची श्रोणीतील मोठी शीर उजव्या बाजूच्या रोहिणीखालून जाते आणि तिच्या दाबाखाली राहते.

लक्षणांवर विसंबता का येत नाही

अनेक गुठळ्या कोणतेही लक्षण न दाखवता होतात. एका पायाची सूज, पोटरीतील दुखरेपणा, त्वचेचा उबदारपणा ही ठळक लक्षणे असली, तरी शस्त्रक्रियेनंतर ती इतर कारणांनीही दिसतात. पाऊल वर वळवल्यावर पोटरीत कळ येते का, हे पाहण्याची जुनी चाचणी पाठ्यपुस्तकांत अजूनही आढळते. निदानासाठी ती भरवशाची नाही. डी-डायमर या रक्तचाचणीचा उपयोगही येथे मर्यादित ठरतो, कारण शस्त्रक्रिया, संसर्ग आणि कर्करोग या तिन्हींमध्ये हा आकडा गुठळी नसतानाही वाढलेला असतो. खात्रीसाठी पायांच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी आणि फुप्फुसासाठी रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन लागतो. प्रत्येक दाखल स्त्रीची अशी तपासणी करणे व्यवहार्य नाही आणि लक्षणे दिसेपर्यंत थांबणे धोक्याचे आहे. या दोहोंमधला मार्ग म्हणून जोखमीचे मूल्यमापन पुढे आले.

इतिहास

गुठळी रोखणारे पहिले औषध, हेपॅरिन, १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून हाती लागले. पुढे वॉरफॅरिन आले. १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आलेले हे रसायन १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले. ही औषधे दीर्घकाळ झालेल्या गुठळीवर उपचार म्हणूनच वापरली जात होती. गुठळी होण्याआधीच, कमी मात्रेत, ती देता येतील का हा प्रश्न नंतरचा आहे.

त्याचे निर्णायक उत्तर भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक विजय कक्कर (१९३७–२०१६) यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधून दिले. त्यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष १९७५ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झालेल्या ४,१२१ रुग्णांच्या या अभ्यासात हेपॅरिन न मिळालेल्या गटातील १६ आणि कमी मात्रेचे हेपॅरिन मिळालेल्या गटातील २ रुग्ण फुप्फुसातील गुठळीने दगावल्याचे शवविच्छेदनात आढळले. त्यानंतर 'औषध उपयोगी पडते का' हा वाद जवळपास संपला आणि 'ते कोणाला द्यावे' हा प्रश्न उभा राहिला. कारण हेच औषध रक्तस्राव वाढवते. औषधाविना उपायांचा पुरावाही याच सुमारास आला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॅनियल क्लार्क-पीअरसन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवले, की स्त्रियांच्या जननसंस्थेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पाच दिवस हवेच्या दाबाने पोटऱ्या आवळणारे यंत्र वापरल्यास गुठळ्यांचे प्रमाण लक्षणीय घटते.

प्रतिबंधक उपाय न करता मोठी स्त्रीरोग शस्त्रक्रिया केल्यास १५ ते ४० टक्के रुग्णांत खोल शिरेतील गुठळी होते, असा आकडा अनेक मार्गदर्शिकांत दिलेला असतो. तो वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हे आकडे मुख्यतः जुन्या काळातील, किरणोत्सारी फायब्रिनोजेन टोचून केलेल्या शोध-चाचण्यांवर आधारलेले आहेत. त्यांत सापडलेल्या बहुतेक गुठळ्या लहान व लक्षणविरहित होत्या. आजच्या पद्धतीने केलेल्या, कर्करोग नसलेल्या रुग्णांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियेनंतर लक्षणे दाखवणारी गुठळी १ टक्क्याहून कमी स्त्रियांत आढळते.

ब्रिटनच्या संसदेच्या आरोग्य समितीने २००५ मध्ये इंग्लंडमध्ये रुग्णालयाशी संबंधित गुठळ्यांमुळे वर्षाला सुमारे २५,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला. २०१० पासून तेथे दाखल होणाऱ्या किमान ९० टक्के प्रौढ रुग्णांचे मूल्यमापन करण्याचे उद्दिष्ट ठेवून त्याला रुग्णालयांच्या निधीची जोड देण्यात आली. तोपर्यंत डॉक्टरांच्या सवयीवर सोडलेली ही बाब अशा रीतीने रुग्णालयाच्या नोंदवहीत आली.

कॅप्रिनी गुणांक

अमेरिकी शल्यचिकित्सक जोसेफ कॅप्रिनी यांनी १९९१ मध्ये मांडलेला आणि २००५ मध्ये सुधारलेला हा गुणांक स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात प्रत्येक जोखीम घटकाला १, २, ३ किंवा ५ गुण असतात व त्यांची बेरीज केली जाते.

एक गुण मिळणाऱ्या घटकांत ४१ ते ६० हे वय, किरकोळ शस्त्रक्रिया, २५ पेक्षा जास्त बॉडी मास इंडेक्स, पायांची सूज, गाठाळलेल्या शिरा, संततिनियमनाच्या गोळ्या किंवा संप्रेरक उपचार, महिन्याभरातील गंभीर जंतुसंसर्ग आणि तीन किंवा अधिक वेळा झालेला अकारण गर्भपात यांचा समावेश होतो. ६१ ते ७४ वय, ४५ मिनिटांपेक्षा अधिक चालणारी उघडी किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया, कर्करोग आणि ७२ तासांहून जास्त अंथरुणाला खिळणे यांना प्रत्येकी दोन गुण आहेत. ७५ व त्यापुढील वय, पूर्वी झालेली गुठळी, जवळच्या नातेवाइकाला झालेली गुठळी, फॅक्टर फाइव्ह लायडनसारखा आनुवंशिक दोष आणि अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे यांना तीन गुण मिळतात. महिन्याभरात झालेला पक्षाघात किंवा मांडी-श्रोणीचे अस्थिभंग अशा घटकांना पाच गुण आहेत. स्त्रीरोग विभागात ते क्वचितच लागू होतात.

अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार प्रतिबंध न केल्यास शून्य गुणांना गुठळीची शक्यता अर्ध्या टक्क्याहून कमी, १–२ गुणांना सुमारे १.५ टक्के, ३–४ गुणांना सुमारे ३ टक्के आणि ५ किंवा अधिक गुणांना सुमारे ६ टक्के धरली जाते. शून्य गुणांच्या रुग्णाला लवकर चालते करणे पुरेसे मानले जाते. त्यानंतरच्या पायरीवर दाबयंत्र, मध्यम गटात दाबयंत्र किंवा हेपॅरिन यांपैकी एक, आणि उच्च गटात दोन्ही सुचवले जातात. कर्करोगाच्या उच्च जोखमीच्या रुग्णाला घरी गेल्यावरही एकूण चार आठवडे कमी रेणुभाराचे हेपॅरिन देण्याची शिफारस आहे.

उदाहरणार्थ, गर्भाशयातील गाठींसाठी पोट उघडून शस्त्रक्रिया व्हावयाची असलेल्या ४८ वर्षांच्या स्त्रीला वयाचा १ आणि शस्त्रक्रियेचे २ असे ३ गुण मिळतात. तिचा बॉडी मास इंडेक्स २७ असेल आणि पोटऱ्यांवर गाठाळलेल्या शिरा दिसत असतील, तर बेरीज ५ होते आणि ती मध्यम गटातून उच्च गटात जाते. या दोन गुणांसाठी वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी आणि साडी किंवा सलवार गुडघ्यापर्यंत वर करून पाय पाहणे एवढेच लागते. अनेक केसपेपरवर उंचीचा रकाना रिकामा राहतो आणि मूल्यमापनाचा पहिला अडथळा तेथेच निर्माण होतो.

या साधनाच्या मर्यादा स्त्रीरोगशास्त्रात विशेष जाणवतात. पोट उघडून केलेल्या आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला ते सारखेच गुण देते. प्रत्यक्षात दुर्बिणीच्या किंवा योनिमार्गे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर गुठळीचे प्रमाण कमी असते. पन्नास मिनिटांची आणि पाच तासांची शस्त्रक्रिया त्यात एकाच मापाने मोजली जाते. कर्करोग कोणत्या अवयवाचा आणि कोणत्या टप्प्यावरचा आहे, याला त्यात स्थान नाही. अंडाशयाच्या, त्यातही स्पष्टपेशी प्रकारच्या कर्करोगात गुठळीचे प्रमाण ठळकपणे जास्त असते आणि कधी कधी कर्करोगाचे निदान होण्याआधी गुठळीच समोर येते. स्त्रीरोगासाठी वेगळे मापन तयार करण्याचे प्रयत्न चीनमधील रुग्णालयांत झाले आहेत.

शस्त्रक्रियेविना दाखल रुग्ण

स्त्रीरोग विभागातील प्रत्येक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी आलेला नसतो. ओटीपोटातील तीव्र संसर्ग, अतिरक्तस्रावामुळे रक्त चढवण्याची गरज, केमोथेरपी, पुढच्या टप्प्यावरील कर्करोगाची वेदनाशामक शुश्रूषा अशा कारणांनी दाखल स्त्रिया दिवसेंदिवस खाटेवर असतात. त्यांच्यासाठी इटलीतील पाडुआ येथे तयार झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला गुणांक वापरता येतो. सक्रिय कर्करोग, पूर्वीची गुठळी, हालचालीची मर्यादा आणि ज्ञात रक्तदोष यांना त्यात प्रत्येकी ३ गुण आहेत; महिन्याभरातील शस्त्रक्रिया किंवा इजेला २; आणि ७० व त्यापुढील वय, संसर्ग, लठ्ठपणा, संप्रेरक उपचार आदींना १. बेरीज ४ किंवा अधिक झाल्यास जोखीम उच्च मानतात. मूळ अभ्यासातील १,१८० रुग्णांपैकी प्रतिबंधक औषध न मिळालेल्या उच्च जोखमीच्या रुग्णांत ११ टक्क्यांना, तर कमी जोखमीच्या रुग्णांत ०.३ टक्क्यांना गुठळी झाली होती.

वंध्यत्वाच्या उपचारांत अंडाशय अतिउत्तेजित झाल्यास रक्तातील पाणी पोटात झिरपते, रक्त घट्ट होते आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. या अवस्थेत गुठळी पायाऐवजी मानेच्या किंवा हाताच्या शिरेतही होते. त्यामुळे मान दुखणे किंवा एका बाजूला सुजणे ही तक्रार अशा रुग्णात किरकोळ समजत नाहीत.

बाह्यरुग्ण केमोथेरपीसाठीचा खोराना गुणांक (२००८) स्त्री-जननसंस्थेच्या कर्करोगाला स्वतंत्र गुण देतो. त्यात हिमोग्लोबिन १० ग्रॅमपेक्षा कमी असल्यासही एक गुण आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) नोंदले गेले. रक्तक्षय मुळातच इतका सर्वत्र असताना हा निकष येथे पाश्चात्त्य देशांइतका नेमकेपणाने रुग्णांची विभागणी करील, असे गृहीत धरता येत नाही.

भारतातील स्थिती

जोखीम असलेल्या रुग्णांना प्रतिबंध मिळतो का, हे पाहण्यासाठी ३२ देशांत एन्डॉर्स नावाचा अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ६८,००० हून अधिक रुग्णांपैकी निम्म्याहून थोडे अधिक जोखमीत होते आणि त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांनाच मार्गदर्शिकेनुसार प्रतिबंध मिळत होता. भारतातील १० रुग्णालयांमधील २,०५८ रुग्णांत जोखमीचे प्रमाण ५३.६ टक्के, म्हणजे जगाच्या सरासरीइतकेच होते. प्रतिबंध मात्र त्यांपैकी १७.४ टक्क्यांनाच मिळाला होता. भारतीयांमध्ये गुठळ्या होतच नाहीत, हा वैद्यकीय वर्तुळातील जुना समज यामागे असावा. आनुवंशिक दोषांपैकी फॅक्टर फाइव्ह लायडन भारतात युरोपपेक्षा कमी आढळतो, हे खरे आहे. परंतु शवविच्छेदन क्वचित होते, मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडणे' असे लिहिले जाते आणि घरी गेल्यावर झालेली गुठळी मूळ रुग्णालयाच्या नोंदीत येत नाही, त्यामुळे आजाराची संख्या कमी दिसते.

लठ्ठपणाची मोजणीही येथे वेगळी आहे. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीनुसार भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्यामुळे पाश्चात्त्य मापनातील ३० ची मर्यादा जशीच्या तशी वापरल्यास अनेक स्त्रियांची जोखीम कमी लेखली जाऊ शकते. क्षयरोगातही गुठळीची प्रवृत्ती वाढते. तो प्रचलित गुणांकांत स्वतंत्रपणे येत नाही.

महाराष्ट्र आणि नाशिक

राज्यातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम व परीक्षा ज्याच्या अखत्यारीत येतात, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नाशिक येथे आहे. जोखीम-पत्रक प्रत्यक्षात भरणारे हात बहुतेक वेळा परिचारिकेचे किंवा निवासी डॉक्टरचे असतात. त्यामुळे ही पद्धत रुजण्यात विशेषज्ञांच्या परिषदांपेक्षा अभ्यासक्रमाचा आणि परिचर्या-शिक्षणाचा वाटा मोठा ठरतो.

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ असून तिच्यातील सुमारे एक चतुर्थांश लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण, इगतपुरी, दिंडोरी या तालुक्यांतून कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल आदी समाजांतील स्त्रिया मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येतात. महाराष्ट्रातील आदिवासी पट्ट्यांत, विशेषतः पूर्व विदर्भ आणि नंदुरबारमध्ये, सिकलसेल आजार आढळतो. या आजारात गुठळीची प्रवृत्ती वाढलेली असते. केवळ वाहक असणाऱ्यांतही फुप्फुसातील गुठळीचे प्रमाण काहीसे जास्त असते. प्रचलित गुणांकांच्या छापील यादीत सिकलसेलचे नाव नाही. आदिवासी भागातून आलेल्या रुग्णाची सिकलसेल चाचणी झाली आहे का, हे केसपेपरवर पाहणे म्हणूनच महाराष्ट्रात परदेशी पत्रकापेक्षा एक रकाना अधिक मागते.

पूर्वेतिहास विचारतानाही स्थानिक सवयींची माहिती लागते. पूजा, लग्नकार्य किंवा तीर्थयात्रा यांसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्रास आहे. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते आणि जास्त मात्रेत त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम मात्रेतून मिळणारे इस्ट्रोजेन संततिनियमनाच्या एका मिश्र गोळीइतके भरते, असे मानले जाते. अतिरक्तस्राव थांबवण्यासाठीही हेच औषध देतात. 'काही औषधे चालू आहेत का' या प्रश्नाला अशी स्त्री प्रामाणिकपणे 'नाही' असेच उत्तर देते, कारण तिच्या लेखी ते औषध नसते. माला-एन या शासकीय गोळीबाबतही हेच घडते. नाव घेऊन विचारल्याशिवाय हा गुण पत्रकावर चढत नाही. 'छाया' ही साप्ताहिक गोळी मात्र इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची नाही, त्यामुळे दोन्ही एकाच रकान्यात टाकणे चुकीचे ठरते.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रश्न महाराष्ट्रात बीड जिल्ह्यामुळे सार्वजनिक चर्चेत आला. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याच्या बातम्यांनंतर २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे तेथे बंधनकारक करण्यात आले. या चर्चेत भर मुख्यतः शस्त्रक्रियेच्या अनावश्यकतेवर आणि अकाली येणाऱ्या रजोनिवृत्तीवर राहिला. गुठळीचा धोका तिच्यात फारसा आला नाही. वास्तविक ज्या शस्त्रक्रियेची गरजच नाही, तिच्यासाठी शून्य गुणांची जोखीमही जास्तच असते. शिवाय मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोच्या 'कोयत्या'ला लवकर फडावर परतावे लागते; गुठळीचा धोका टिकून असलेले आठवडे मग ट्रक-ट्रॅक्टरच्या प्रवासात आणि पाचटाच्या कोपीत जातात, जेथे पाय सुजला तरी डॉपलर तपासणी जवळ नसते.

प्रतिबंधक उपाय आणि रक्तस्रावाची जोखीम

गुठळीच्या जोखमीबरोबर रक्तस्रावाची जोखीम तपासली नाही, तर मूल्यमापन अर्धवट राहते. सक्रिय रक्तस्राव, प्लेटलेट कमी असणे, यकृताचा गंभीर आजार, मूत्रपिंडाचे मंदावलेले कार्य किंवा आधीपासून चालू असलेली अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे असतील, तर इंजेक्शनऐवजी दाबयंत्रावर भर देतात आणि रक्तस्रावाचा धोका ओसरल्यावर पुन्हा विचार करतात. बोलीभाषेत या औषधांना 'रक्त पातळ करणारी' म्हणतात. ती रक्त पातळ करत नाहीत, गोठण्याची क्रिया मंद करतात.

प्रचलित मात्रा म्हणजे त्वचेखाली दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन किंवा दर ८ ते १२ तासांनी ५,००० युनिट साधे हेपॅरिन. दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. भारतात स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी कमरेतून भूल देण्याची पद्धत फार रूढ असल्याने इंजेक्शनची वेळ महत्त्वाची ठरते. प्रतिबंधक मात्रेतील एनॉक्सापॅरिन दिल्यानंतर किमान १२ तास मणक्यात सुई घालत नाहीत. अन्यथा मज्जारज्जूभोवती रक्त साचून पाय कायमचे लुळे पडण्याचा दुर्मीळ पण भयंकर धोका असतो. हेपॅरिनमुळे क्वचित प्लेटलेट झपाट्याने घटतात आणि उलट गुठळ्याच होऊ लागतात, म्हणून काही दिवस औषध चालल्यास त्यांची मोजणी करतात. ही औषधे डुकराच्या आतड्यापासून तयार होतात, याची कल्पना काही रुग्णांना धार्मिक कारणांसाठी आधी द्यावी लागते.

दाब देणाऱ्या लांब मोज्यांचे महत्त्व अलीकडे कमी झाले आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅप्स चाचणीत, हेपॅरिन मिळणाऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना मोज्यांची जोड देऊन अधिक फायदा दिसला नाही. खर्च बेताचा असेल, तर मोज्यांआधी इंजेक्शनला प्राधान्य देणे यावरून समर्थनीय ठरते.

सर्वांत स्वस्त उपाय लवकर चालणे हाच आहे आणि तोच घरच्यांना सर्वांत अवघड वाटतो. टाके तुटतील, पोटाला ताण बसेल या भीतीने नातेवाईक रुग्णाला उठू देत नाहीत. लघवीची नळी आणि सलाइन लवकर काढले नाही, तर रुग्णालयही नकळत त्याच भीतीला हातभार लावते. खाटेवर बसवणे म्हणजे चालवणे नव्हे, हा फरक पत्रकावर नोंदवावा लागतो. सुजलेल्या पोटरीला 'वात आला' म्हणून तेल लावून जोराने चोळणे टाळावे, कारण त्याने गुठळी सुटण्याचा धोका असतो.

घरी सोडल्यानंतरचा काळ

धोका टाके काढल्यावर संपत नाही. ब्रिटनमधील साडेनऊ लाखांच्या आसपास मध्यमवयीन स्त्रियांच्या पाहणीत (मिलियन विमेन स्टडी, २००९) रुग्णालयात राहून झालेल्या शस्त्रक्रियेनंतरच्या बारा आठवड्यांत १४० पैकी एका, त्याच दिवशी घरी सोडलेल्या शस्त्रक्रियेनंतर ८१५ पैकी एका, आणि शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांत तेवढ्याच काळात ६,२०० पैकी एका स्त्रीला गुठळीसाठी दाखल व्हावे लागले किंवा मृत्यू आला. धोका तिसऱ्या आठवड्यात सर्वाधिक होता. कर्करोगाच्या शस्त्रक्रियांविषयीच्या इटलीतील अभ्यासात ४० टक्के गुठळ्या २१ व्या दिवसानंतर झाल्याचे २००६ मध्ये नोंदले गेले.

तिसऱ्या आठवड्यात रुग्ण बहुधा गावी असते. एका पायाची सूज, अचानक लागलेला दम, श्वास घेताना छातीत भरणारी कळ, खोकल्यातून रक्त किंवा भोवळ यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहिलेले असणे आणि सोबतच्या नातेवाइकाला वाचून दाखवलेले असणे आवश्यक मानले जाते. इंजेक्शने घरी चालू ठेवायची असतील, तर ती कोण टोचणार हेही सोडण्यापूर्वीच ठरवतात. गावातील आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्रातील परिचारिका यांना त्याची कल्पना देता येते. संततिनियमनाच्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या पुन्हा केव्हा सुरू कराव्यात किंवा मुळीच करू नयेत, हा निर्णयही याच कार्डावर नोंदवला जातो. एकदा गुठळी झालेल्या स्त्रीला पुढील प्रत्येक शस्त्रक्रियेत आणि गर्भारपणात तीच नोंद दाखवावी लागते. तिच्या मुलींना व बहिणींना दाखल होताना कौटुंबिक इतिहासाचे तीन गुण त्यावरूनच मिळतात.